गिटारवाल्याला पियानो हवा की नको?

प्रश्न साताऱ्याहून आला आहे. विचारणारा तरुण काही वर्षं जॅझ गिटार शिकतोय, त्याचा मित्र कीबोर्ड वाजवतो. एकेकटे असले की दोघंही छान वाजवतात, एकत्र बसले की सगळं गढूळ होतं. त्यात एका ज्येष्ठ गिटारवादकानं त्याला बजावलं की पियानो आला की गिटारला जागा उरत नाही, बेस आणि ड्रम घेऊन त्रिकूट कर आणि पियानोच्या वाटेला जाऊ नकोस. दुसऱ्या तितक्याच जाणत्या वादकानं सांगितलं की रोज पियानो ऐकला नाहीस तर तुझी गिटार कच्चीच राहील. दोघांचंही वाजवणं त्याला आवडतं. मग ऐकायचं कोणाचं? आणि एकच वाद्य वाजवणाऱ्यांची पियानोबद्दलची आवड इतकी दोन टोकांची का?

मी सांगलीत बरीच वर्षं गिटार शिकवतो आणि पियानोवाल्याबरोबर, त्याच्याविना, दोन्ही तऱ्हांनी वाजवत आलो आहे. माझं मत आधीच सांगतो. हा वाद पियानोच्या आवाजावरून कमी आणि कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या गुच्छांचा, कारभार कोणाकडे असावा यावरून जास्त होतो. ज्याला गिटार सॅक्सोफोनसारखी एकेरी स्वरांत गायला लावायची असते, त्याला मागे पियानो हवासा वाटतो. ज्याला कॉर्ड स्वतः मांडायच्या, वळवायच्या, रिकाम्या ठेवायच्या असतात, त्याला पियानोची अडचण होते. तुमच्या दोन्ही सल्लागारांनी आपापल्या गिटारबद्दल खरं तेच सांगितलं आहे. तुमची गिटार कोणती, ते अजून ठरायचंय.

आता अडचण नेमकी कुठे येते ते बघा, कारण ती खरीच आहे. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण ८२ हर्ट्झचा ई वाजतो (पाश्चात्य पद्धतीत स्वरांना ए ते जी अशी नावं असतात). पहिल्या म्हणजे सगळ्यात बारीक तारेच्या बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीवर) मिळतो तो ई ६५९ हर्ट्झचा. पियानोच्या ८८ पट्ट्या २७.५ हर्ट्झपासून ४१८६ हर्ट्झपर्यंत जातात. म्हणजे गिटारचा जवळजवळ सगळा पसारा पियानोच्या मधल्या भागात मावतो. पियानोचा मधला सी गिटारच्या दुसऱ्या तारेवर पहिल्याच फ्रेटला सापडतो. जॅझ पियानोवाल्याचा डावा हात बराच वेळ याच सीच्या आसपास असतो. कॉर्डला जिचं नाव मिळतं तो मूळ स्वर बेसवाल्यावर सोडून, त्याच्यापासून मोजलेले तिसरा, पाचवा, सातवा, नववा असे चार स्वर तो तिथे दाबतो. गिटारवाल्याच्या चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या तारेवरच्या कॉर्डही अगदी तिथेच पडतात.

शिवाय जॅझमध्ये कॉर्ड पुरती लिहिलेली नसते. कागदावर ‘जी सेव्हन’ एवढंच असतं. त्यात नववा स्वर घ्यायचा का, घेतला तर ए की त्याच्याहून अर्धा स्वर खालचा ए फ्लॅट, हे वाजवणारा त्या क्षणी ठरवतो. समजा गिटारवाल्यानं ए घेतला आणि पियानोवाल्यानं ए फ्लॅट. दोघंही बरोबर आहेत. पण दोन्ही स्वर एकाच सप्तकात एकमेकांना चिकटून वाजले की अर्ध्या स्वराची घासाघीस होते, आणि ऐकणाऱ्याला नुसतं काहीतरी खटकल्यासारखं वाटतं. त्यात पियानोवाल्यानं स्वर लांबवणारं पेडल पायानं दाबून धरलं असेल तर तो ए फ्लॅट पुढच्या कॉर्डमध्येही रेंगाळतो. तुमचं आणि तुमच्या मित्राचं गढूळपण बहुधा इथून येतंय. हात कोणाचाच वाईट नाही.

साथीच्या वाद्यावरून तट पडणं आपल्या भागाला नवं नाही. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. तिथे येणाऱ्या जुन्या श्रोत्यांना पेटी विरुद्ध सारंगी या विषयावर छेडून बघा, रात्र पुरणार नाही. आकाशवाणीनं तर १९४० साली पेटीवर बंदीच घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पण त्या वादात आणि आपल्या वादात एक फरक आहे. पेटीवाला गवयाच्या मागून चालतो, गवई जे म्हणेल त्याची सावली धरतो. जॅझमधल्या पियानोवाल्याला असं मागून चालता येत नाही. कॉर्ड बदलायची ती ठरल्या मात्रेला, किंवा तिच्या अर्धी मात्रा आधी, वाजलीच पाहिजे. तो सोलो करणाऱ्याच्या, म्हणजे त्या वेळी मुख्य वाजवणाऱ्याच्या, पुढे असतो. म्हणून तो चांगला असला तर तुमच्याकडून तुम्हाला न सुचलेलं वाजवून घेतो आणि बेताचा असला तर त्याच्या तावडीतून सुटका नसते. गिटारवाल्यांची मतं इतकी तिखट असतात ती यामुळे.

इतिहासात दोन्ही बाजूंना मोठी माणसं आहेत. नॅट किंग कोलनं १९३७ मध्ये पियानो, गिटार आणि बेस असं ड्रमशिवायचं त्रिकूट उभं केलं, गिटारवर ऑस्कर मूर. पियानोवादक आर्ट टेटमनं पुढे गिटारवर टायनी ग्राइम्सला घेऊन तोच साचा वापरला. मग ऑस्कर पीटरसननं आधी बार्नी केसेल आणि नंतर हर्ब एलिस यांना घेऊन. पीटरसन दहाही बोटांनी धो धो वाजवणारा. त्याच्या शेजारी बसून एलिसनं काय करावं? त्यानं ठेका धरला. कॉर्ड तालवाद्यासारख्या वाजवल्या, तारांवर बोटं आपटून बोंगोसारखा आवाजही काढला. १९५८ मध्ये एलिसनं त्रिकूट सोडलं तेव्हा पीटरसननं दुसरा गिटारवाला शोधला नाही, ड्रमर आणला, आणि पुढच्या वर्षीपासून एड थिगपेन त्या जागेवर बसला. गिटारच्या जागी ड्रम आले, यावरूनच त्या त्रिकुटात गिटार कोणतं काम करत होती ते कळतं.

गिटारवाल्या फ्रेडी ग्रीनचं उदाहरण तर याहून टोकाचं. काउंट बेसीच्या बँडमध्ये तो १९३७ मध्ये आला आणि मधला थोडा काळ सोडला तर १९८७ मध्ये वारेपर्यंत तिथेच होता. आवाज वाढवणारा अ‍ॅम्प नाही, सोलो जवळजवळ नाहीत, प्रत्येक मात्रेला एक आघात, तोही अनेकदा एक-दोन तारांवरच ऐकू येणारा. आणि शेजारी बेसी, पियानोवर मोजके स्वर टाकून हात उचलून घेणारा. गिटार आणि पियानो एकत्र नांदत नाहीत असं कोणी म्हणालं की मी आधी ही जोडी ऐकवतो.

दुसरी वाट चार्ली क्रिश्चननं उघडली. १९३९ मध्ये तो बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन. गिटारचा एकेरी स्वर सॅक्सोफोनच्या बरोबरीनं ऐकू जाऊ लागला आणि गिटारवाला ठेक्याच्या रांगेतून सोलोच्या रांगेत आला. वेस माँटगोमेरी याच वाटेनं पुढे गेला. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबात पियानोवादक विंटन केलीच्या त्रिकुटाबरोबर त्याचं जे ध्वनिमुद्रण झालं, ते पियानोसह गिटार कशी वाजावी याचा माझ्या दृष्टीनं सगळ्यात पक्का धडा आहे. वेस एकेरी स्वर वाजवतो, मग ऑक्टेव्ह (एकच स्वर दोन सप्तकांत एकदम), मग कॉर्ड, आणि केली त्याच्या वाक्यांच्या मधल्या फटींत छोटे, टणक ठोके टाकत राहतो. वाक्य चालू असताना त्यात तोंड घालत नाही. हेडफोन लावून फक्त केलीकडे लक्ष देऊन ऐका.

आणि मग पियानोला दार बंद करणारे. केनी बरेलनं १९६३ च्या ‘मिडनाइट ब्लू’मध्ये सॅक्सोफोन, बेस, ड्रम आणि काँगा घेतले, पियानो घेतला नाही. त्या रेकॉर्डवरची रात्रीची मोकळी हवा त्या वगळण्यातून आली आहे. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सनं १९६२ मध्ये ‘द ब्रिज’साठी पियानोवाल्याऐवजी गिटारवाल्या जिम हॉलला बसवलं. कॅनडाचा एड बिकर्ट बेस-ड्रमबरोबर टेलिकास्टर या भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारवर इतक्या भरघोस कॉर्ड मांडायचा की पियानोची आठवणही होऊ नये. (जॅझसाठी पोकळ गिटारच लागते म्हणून घरच्यांकडे हट्ट धरणाऱ्या मुलांनी बिकर्टला जरूर ऐकावं.)

मी वर जे सूत्र सांगितलं त्यात न बसणारा माणूस म्हणजे ग्रँट ग्रीन. तो मुख्यतः एकेरी स्वरांचा वादक, म्हणजे त्याला पियानो हवा असायला हवा. पण १९६१ च्या ‘ग्रीन स्ट्रीट’मध्ये त्याच्यामागे फक्त बेस आणि ड्रम आहेत. कॉर्ड जवळजवळ कोणीच वाजवत नाही, तरी प्रत्येक कॉर्ड ऐकू येते, कारण त्याच्या ओळीतले स्वर बरोबर त्या मात्रेला कॉर्डच्या तिसऱ्या-सातव्यावर येऊन टेकतात. पुढे १९६३ मध्ये ड्यूक पिअरसनच्या पियानोबरोबरही तो तितकाच आपला वाटतो. ज्याच्या ओळीतच कॉर्ड आहे त्याला दोन्ही चालतं. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि माझ्या विद्यार्थ्यांकडून मी सगळ्यात जास्त मेहनत याच गोष्टीवर करून घेतो.

यावर एक रेकॉर्ड मात्र सविस्तर सांगायलाच हवी. बिल एव्हान्स आणि जिम हॉल, १९६२, ‘अंडरकरंट’. दोघंच, एक पियानो आणि एक गिटार. ज्या दोन वाद्यांची जागा एकच, ती समोरासमोर, मध्ये बेस नाही आणि ड्रमही नाहीत. पहिलंच गाणं ‘माय फनी व्हॅलेंटाइन’, जे एरवी संथ वाजवतात, ते इथे चांगल्याच चालीत घेतलंय. एव्हान्सचा सोलो चालू असताना एका जागी हॉल कॉर्डचं बोलणं सोडूनच देतो आणि चारही मात्रांना तारा हलक्या हातानं खरडत राहतो, थेट फ्रेडी ग्रीनच्या चालीनं. स्वरांपेक्षा तारांचा खसखस आवाजच जास्त. अचानक असं वाटतं की कोणीतरी ड्रमवर ब्रश धरलाय. हॉलनं पियानोच्या सप्तकातून काढता पाय घेतला आणि तरीही तो साथीतून गेला नाही. एव्हान्सही हॉलच्या सोलोत कमीत कमी स्वरांवर राहतो. तुमच्या मित्राला शेजारी बसवून हे गाणं ऐका. एकदा तुम्ही फक्त पियानो ऐका आणि त्यानं फक्त गिटार, मग अदलाबदल करा. कोण कधी गप्प बसतं, ते दोघांनी कागदावर टिपून ठेवा.

आता पियानोवाल्यांमधली आवडनिवड. गिटारवाल्यांचा कल एव्हान्सकडे फार असतो आणि त्याला कारण आहे. त्याच्या डाव्या हातातल्या मूळ स्वर नसलेल्या कॉर्ड गिटारवर थोड्या उलगडून आणता येतात. डी मायनर सेव्हन या कॉर्डसाठी तो एफ, ए, सी, ई असे चार स्वर जवळजवळ दाबेल. गिटारवर इतके जवळचे चार स्वर धरताना बोटं ताणतात. पण वरून दुसरा स्वर, म्हणजे सी, एक सप्तक खाली आणला की सी, एफ, ए, ई असे होतात. चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर दहावा फ्रेट, पहिल्या तारेवर बारावा. सहज हातात बसतं आणि रंग तोच. याउलट थेलोनिअस मंक. त्याचे शेजारशेजारचे, घासणारे स्वर गिटारच्या जुळणीत बहुतेक ठिकाणी हाताला लागतच नाहीत, म्हणून काही गिटारवाले त्याच्यापासून लांब राहतात, आणि काही मात्र त्याच्या रिकाम्या जागा आणि वेडीवाकडी लय यांच्या प्रेमात पडतात. पीटरसन ऐकायला सगळ्यांनाच आवडतो, पण त्याच्याबरोबर वाजवायला बसायची हौस फार थोड्यांना असते. मला स्वतःला विचाराल तर पहिला विंटन केली. साथ द्यायला त्याच्यासारखा माणूस नाही. पण दोघंच वाजवणार असू तर मला एव्हान्सच्या घराण्यातला पियानोवाला हवा, आणि बेस-ड्रम असतील तर पियानो नसलेलाच बरा. त्रिकुटात गिटारवाल्यावर सगळी जबाबदारी पडते आणि त्या जबाबदारीत जो मोकळेपणा मिळतो तो मला फार प्रिय आहे.

आपल्याकडच्या गिटारवाल्यांचं ‘पियानो नको’ हे मत मात्र मी जरा तपासून घेतो. सातारा-सांगलीत किती जणांनी बेसवाला असलेल्या बँडमध्ये, खऱ्या पियानोबरोबर वाजवलेलं असतं? ऑर्केस्ट्रात किंवा पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांत शनिवार-रविवारी जो बँड असतो, त्यात एक गिटार, एक ऑक्टापॅड आणि एक कीबोर्ड. बेसवाला परवडत नाही, म्हणून कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात बेस, उजव्या हातात कॉर्ड, आणि मागे तंतुवाद्यांचा लांबलचक आवाज भरलेला. अशा भिंतीपुढे वाजवून वाजवून ज्याचे कान विटलेत, तो पियानो नको म्हणणारच. पण त्याचा राग त्या मांडणीवर आहे. पियानोशी त्याची अजून ओळखच व्हायची आहे. बरेलनं किंवा हॉलनं पियानो वगळला तो उत्तम पियानोवाल्यांबरोबर वाजवून झाल्यावर. त्या नकाराला वजन आहे. त्यामुळे तुमच्या पहिल्या सल्लागाराला आदरानं एवढंच विचारा की त्यांनी कोणाबरोबर वाजवलंय.

मित्राबरोबर काय करायचं ते सांगतो. त्याच्या कीबोर्डवर साधा पियानोचा आवाज ठेवा, मागचा भरणा बंद. बेसवाला मिळेपर्यंत त्याच्या डाव्या हातानं बेस वाजवला तर वाजवू दे, पण मग त्या वेळी उजव्या हातानं कॉर्ड धरून ठेवायच्या नाहीत, छोटे ठोके द्यायचे. तुमचा सोलो चालू असताना गाण्याची पहिली पूर्ण फेरी त्यानं फक्त बेसच द्यावा, कॉर्ड दुसऱ्या फेरीपासून. त्याचा सोलो चालू असताना तुम्ही दोनच तारांवर राहा. डी मायनर सेव्हनला चौथ्या तारेचा तिसरा फ्रेट आणि तिसऱ्या तारेचा पाचवा, म्हणजे एफ आणि सी. जी सेव्हनला चौथी तार तशीच, तिसऱ्या तारेवरचं बोट एक फ्रेट खाली, म्हणजे एफ आणि बी. सी मेजर सेव्हनला तिसरी तार तशीच, चौथ्या तारेवरचं बोट एक फ्रेट खाली, म्हणजे ई आणि बी. प्रत्येक वेळी एकच बोट अर्धा स्वर हललं आणि तिन्ही कॉर्ड पुऱ्या ओळखू आल्या. यात नववा स्वर नाही, तेरावा नाही, तेव्हा मित्रानं ए घेतला काय आणि ए फ्लॅट घेतला काय, तुमच्याशी भांडण होणार नाही. रंग भरायचं काम त्याचं. तुमचा सोलो आला की अधिकार तुमचा, तेव्हा त्यानं तिसरा-सातवा धरून थांबायचं. याच्या जोडीला अ‍ॅम्पचा आवाज कमी करून चार मात्रांची खरड घासून तयार ठेवा. ती वाटते तितकी सोपी नाही, लय जरा पुढेमागे झाली तरी उघडी पडते.

कधी खऱ्या पियानोबरोबर वाजवायची संधी आली तर सोडू नका. साताऱ्याहून पाचगणी लांब नाही आणि तिथल्या जुन्या निवासी शाळांमध्ये पियानोची परंपरा आहे. क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी तिथल्या सेंट पीटर्स शाळेतच होता, पियानो वाजवायचा आणि शाळेतल्या दोस्तांच्या हेक्टिक्स नावाच्या बँडमध्ये असायचा. पण त्या हवेत एक काळजी घ्या. पावसाळ्यात दमट हवेनं पियानोचा साउंडबोर्ड फुगतो आणि मधल्या सप्तकांचा सूर चढतो, कोरड्या दिवसांत उतरतो. फोनवरच्या ट्यूनरवर ४४० हर्ट्झला जुळवलेली गिटार अशा पियानोपुढे बेसूर वाटेल. पियानो तुमच्यासाठी जुळवून मिळणार नाही. त्याच्या मधल्या सप्तकातला ए वाजवून घ्या आणि त्याला धरून गिटार कानानं जुळवा. खालच्या तारा पियानोच्या खालच्या सप्तकाशी वेगळ्या पडताळून बघा.

शेवटचा मुद्दा तुमच्या दुसऱ्या सल्लागाराचा, पियानो ऐकण्याचा. तो मला पूर्ण मान्य आहे. मी त्याच्याही पुढे जाऊन म्हणेन की थोडा वाजवा. गिटारवर आपण आकार पाठ करतो, फ्रेट मोजतो, आणि कोणत्या बोटाखाली कोणता स्वर आहे ते पुष्कळदा ठाऊकच नसतं. पियानोवर स्वर एका रांगेत डोळ्यांपुढे असतात. मित्राच्या कीबोर्डवर वरच्याच तीन कॉर्ड डाव्या हातानं धरा, एफ आणि सी, एफ आणि बी, ई आणि बी, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटानं वर गाण्याची चाल वाजवा. बाराही पट्ट्यांत, म्हणजे बारांपैकी प्रत्येक स्वर आधार धरून, हे जमायला काही महिने लागतील. मधल्या काळात तुम्हाला पियानो आवडतो की नाही याची घाई करू नका, आणि गिटारवर नवी कॉर्ड घेताना तिच्या प्रत्येक तारेवर कोणता स्वर आहे ते मोठ्यानं म्हणत जा.